नोंद आढळत नाही

१२ जानेवारी २०२५, रविवार. अमरावती.
थंडी बरीच. शेजारच्या सीमाने सकाळी विरजण नेले. तिची मोनाली बाळंतपणासाठी यवतमाळहून आली आहे. पाय सुजलेत, बाकी तब्येत चांगली. दुपारी वंशावळीचा अहवाल पूर्ण करून ग्रुपवर पाठवला. सर्वांना आवडला. संध्याकाळी अकोल्याहून बेबीताईंचा फोन. बोलणे थोडक्यात झाले.

‘बोलणे थोडक्यात झाले’ हे अगदी खरं आहे. रोजनिशीत मी खोटं लिहीत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला रोजनिशीची सवय लावली तेव्हाच बजावलं होतं, की घडलं ते लिहायचं, वाटलं ते देवाला सांगायचं. म्हणून बेबीताईंचं वाक्य मी लिहिलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “वयनी, माह्या बापानं तुहं काय बिघडवलं होतं व?” आणि फोन ठेवून दिला.

बेबीताई माझी चुलत नणंद. ऐंशीच्या आहेत, माझ्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेल्या. त्यांचे वडील पुंडलिक आणि माझे सासरे वामनराव हे सख्खे भाऊ. म्हणजे त्या रविवारी दुपारपर्यंत तरी होते. दुपारी मी त्यांना वेगळं केलं.

हे वेगळं करण्याचा अधिकार मला कोणी दिला, तर आमच्या ग्रुपने. आमचे हे गेल्यावर दुपार फार लांब झाली, आणि लांब दुपारी माणूस एक तर झोपतं नाही तर व्हॉट्सअॅपवर जातं. मला दुपारी झोप येत नाही. ‘मेहरे परिवार वंशावळ’ हा ग्रुप किसनरावांनी काढलेला. किसनराव नात्याने माझे दीर, भूमी अभिलेखात नोकरी केलेले, मोडी घडघडा वाचणारे. त्यांचा एकच नियम, कागद नाही तर माणूस नाही. सोळा फेब्रुवारीला अकोल्याला सगळ्या मेहरेंचा मेळावा ठरला होता. वंशावळ मोठ्या कापडावर छापून स्टेजवर लावायची आणि थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या शाखेच्या, वडीलधाऱ्याने कुलदेवीपुढे पहिला दिवा लावायचा, असा कार्यक्रम.

भातकुलीच्या पातीचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर अक्षर चांगलं आणि मी रोजनिशी लिहिते. मला वाटलं, योग्य माणसाला ओळखलं. मी मोडीच्या वर्गाला जाऊन आले, त्यातल्या निम्म्याहून जास्त अक्षरांशी माझी अजून ओळख व्हायची आहे. जाड भिंगाचा चष्मा केला. बोलण्यात ‘एव्हिडन्स’ हा शब्द आणायला लागले. दूधवाल्याने एकदा काल दूध घातलं होतं म्हणून सांगितलं, तर त्यालाही मी पुरावा विचारला.

तर भातकुलीचा एव्हिडन्स असा होता. पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहून ठेवी, त्याला कोतवाल बुक म्हणतात. किसनरावांनी भातकुलीच्या त्या बुकाच्या नकला मिळवल्या होत्या. आमचे आजेसासरे झिंगराजी आणि आजेसासू रुख्मिणी यांची धाकटी मुलं त्यात सापडली. सासरे सापडले, दोन्ही आत्याबाई सापडल्या. थोरला पुंडलिक कुठेच नाही. मग मी भातकुलीच्या गंगूबाईंना फोन केला. गंगूबाई भावकीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्या म्हणाल्या, “माही सासू सांगे, रुख्मिणी आली भातकुलीत तं लेकरू कडेवर होतं.”

झालं. मला काय हवं होतं दुसरं! मी सुवाच्य अक्षरात लिहिलं:

“पुंडलिक यांची जन्मनोंद आढळत नाही. रुख्मिणीबाई मूल घेऊनच भातकुलीत आल्याची मौखिक साक्ष उपलब्ध आहे. यावरून त्यांचा झिंगराजींशी पाट लागला असावा व पुंडलिक हे पूर्वीच्या पतीपासूनचे अपत्य असावे, असे अनुमान निघते.”

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्या लोकांत ते पूर्वीपासून चालत आलेलं, त्यात खाली मान घालावी असं काही नाही. पण पहिल्या नवऱ्याचं मूल पहिल्या नवऱ्याच्या कुळाचं. ते आमच्या कापडावर छापता येत नाही. पुंडलिक कापडावरून गेले म्हणजे वामनराव थोरले झाले. वामनराव थोरले म्हणजे आमची पाती थोरली. आणि आमच्या पातीत आता वडीलधारं कोण, तर मी. हे काही मी अहवालात लिहिलं नाही. फक्त करवतकाठी टसर साडी कपाटातून काढून त्याच दुपारी गच्चीवर हवेला टाकली.

फोन झाल्यावर मला जेवण गेलं नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण गेलं. झोप मात्र लागली नाही. मंगळवारी सकाळी गाडीने अकोल्याला गेले.

जठारपेठेत बेबीताईंचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी पाट, वर हिरवं कापड, दोन टोपल्या आणि बेबीताई. मागच्या गल्लीत घर. नवरा फुलमाळी होता, मळा होता, दोन्ही गेले. मुलगा कुंदन रोज पहाटे बाजारातून फुलं आणून देतो आणि “आई, आता बस झालं, घरी बस,” असंही रोज म्हणतो. त्या ऐकत नाहीत. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून हार ओवायची त्यांची पद्धत आहे; मान खाली, हात दोऱ्यावर, तोंड गिऱ्हाइकाकडे. फूल घ्यायला कोणीही बाई आली की आधी तिचं माहेर विचारणार. नाव नंतर. नवऱ्याचं नाव कधीच नाही. मुलगी तेल्हाऱ्याची असली तर तेल्हाऱ्याच्या कोणाची तरी चौकशी होणार, आणि मग शेवंतीची दोन फुलं जास्त पडणार. अख्खी जठारपेठ त्यांना माहेरवार पाठ आहे. मला हे सगळं कित्येक वर्षं ठाऊक होतं. मी त्याला भोचकपणा समजत असे.

मी समोर उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही.

“बस. चा घेशीन?”

“नको, बेबीताई. मी समजावून सांगायला आले. हे माझं मत नाही, कागदावरून निघालेलं—”

“कागद मले नोको दाखवू. मी शिकेल नाई.” एक झेंडू ओवून झाला. “माही आजी पाटाची असती तं असती. तरी ते माही आजीच. पन नोयती ना. मंग खोटं काहून लिहाचं?”

“खोटं नाही, अनुमान आहे.”

“ते काय असते?”

मला मराठीत सांगता येईना. इंग्रजीत आलं असतं.

“माहा बाप मेला,” त्या म्हणाल्या, “तं झिंगराजीले जेथं जाळलं त्याच वावरात, त्याच निंबाखाली त्याले जाळलं. मी एकटी लेक. भाऊ नाई, कोनी भांडाले नाई. आता तुमी त्याले तेथून उठवून राहिले. आन सोया तारखेले समदे मेहरे जमतीन, त्या कापडावर पाहतीन, तं मी कोनाची कोन? सांग ना. तू तं लिहून ठेवते समदं.”

मी म्हणाले, “पुरावा मिळाला तर मी ताबडतोब दुरुस्ती करीन.”

हे वाक्य मी ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला अजून ऐकू येतो. खिडकी बंद करता करता उद्या या म्हणणाऱ्या बाबूचा असतो तसला. बेबीताईंनी पुढचा झेंडू उचलला. निघताना नेहमीसारखा गजरा मात्र पुड्यात बांधून हातात ठेवला. रागावल्या असल्या तरी सवाष्ण असो की विधवा, आलेल्या बाईला रिकामी पाठवायची नाही हा त्यांचा नियम. परतीच्या गाडीत तो गजरा मांडीवर घेऊन मी बसले होते आणि समोरची बाई माझ्याकडे बघत होती. ती काही माझी विद्वत्ता बघत नसावी.

रोजनिशीत लिहिलं: “अकोल्यास जाऊन आले. बेबीताई भेटल्या. गजरा दिला.”

त्यानंतर मी खूप शोधलं. म्हणजे भातकुलीतच पुन्हा पुन्हा शोधलं. मागचं वर्ष, पुढचं वर्ष, शेजारच्या वाड्यांची नावं. किसनराव फोनवर म्हणायचे, “वहिनी, तुमचा अहवाल पक्का आहे. मी छापायला देऊन टाकतो.” मी म्हणे, थांबा जरा. त्यांना वाटे, मी काटेकोर आहे.

जानेवारी सरत आला तेव्हा सीमाकडे अळिवाचे लाडू वळायला गेले होते. मोनाली खुर्चीवर पाय वर करून बसली होती. तिच्या सासूबाईंचा यवतमाळहून फोन आला, सीमाचे हात भरलेले म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

“पहिलं बाळंतपण तुमच्याकडंच, ते तं रीतच हाय,” सासूबाई म्हणाल्या. “पन विहीणबाई, जन्माची नोंद यवतमाळची लागली पाहिजे बरं का. आमचं घर यवतमाळचं.”

सीमाने माझ्याकडे पाहिलं. कायद्याचं काही असलं की सगळे माझ्याकडे पाहतात. ही सवय मीच लावलेली. मी फोनकडे वाकून अधिकाराने सांगितलं, “तसं होत नाही हो. मूल जिथं जन्मतं तिथंच नोंद होते. अमरावतीलाच होणार. सासर कुठलंही असो.”

“मंग दाखल्यावर यवतमाळ येनारच नाई?”

“नाही येणार. आणि तिकडच्या रजिस्टरमध्ये शंभर वर्षांनी कोणी शोधलं, तरी—”

लाडू माझ्या हातात फुटला.

“काय झालं, काकू?” मोनाली म्हणाली.

काही नाही, म्हणाले. काय सांगणार होते! माझा थोरला मुलगा अकोल्याला जन्मला, कारण माझं माहेर अकोला. त्याच्या दाखल्यावर अकोला आहे. सव्वा महिन्यानंतर मी त्याला कडेवर घेऊन अमरावतीला आले. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, सगळी गल्ली बघायला आली. कोणी त्याला पूर्वीच्या पतीपासूनचं अपत्य म्हटलं नाही. पहिलटकरीण माहेरी जाते आणि लेकरू कडेवर घेऊन सासरी येते, हे ज्या बाईने स्वतः केलं, दोन सुनांच्या वेळी विहिणींच्या दारात जाऊन पाहिलं, डझनभर बायकांना त्यासाठी लाडू वळून दिले, त्या बाईला ते आठवलं नाही. तिला अनुमान सुचलं.

बाकीची मुलं भातकुलीत सापडली, कारण ती सासरी झाली. थोरलं सापडलं नाही, कारण ते थोरलं होतं. गंगूबाईंच्या सासूने डोळ्यांनी पाहिलेलं खरंच सांगितलं होतं.

मी अळीव लागलेल्या हातानेच किसनरावांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पण रुख्मिणीबाईंचं माहेर कुठलं?”

आमच्या तक्त्यात सात पिढ्यांचे पुरुष होते. त्यांच्या बायकांची नावं कंसात होती. माहेराचा रकानाच नव्हता. तो तक्ता मीच आखला होता, पट्टीने.

बेबीताईंना विचारावं लागलं. मी घाबरत फोन केला. त्या म्हणाल्या, “उमरी. दर्यापूरकडलं. काहून?” मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रडतील. तर हसू लागल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला, कुंदनने येऊन पाठ चोळलेली फोनमधून ऐकू आली.

“अवं वयनी,” दम घेऊन त्या म्हणाल्या, “तू तं इंग्रजी शाळेत गेलती ना व?”

दर्यापूरच्या तहसिलीत अर्ज केला, तीन फेब्रुवारीला बोलावलं. किसनराव आणि मी अमरावतीहून एसटीने गेलो. मला पंचाहत्तरीची फुकट सवलत, किसनराव अजून अर्ध्या तिकिटावर. त्यांना ते मनाला लागतं. बेबीताई अकोल्याहून आधीच येऊन स्टँडवर बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. हसून झालं असलं तरी राग संपलेला नव्हता. रिक्षात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

“किसना, तुह्या वयनीले म्हन सरक जराशी.”

मी सरकले.

“किसना, तुह्या वयनीले इचार, चष्मा आनला का? नाईतं पुन्यांदा काई भलतंच वाचन.”

किसनराव दोघींच्या मध्ये बसून समोर बघत होते.

अभिलेख कक्षातल्या बाईंनी कापडात बांधलेलं बुक टेबलावर सोडलं. पानं मोडीत. मी भिंग लावून पुढे झाले, कारण वर्गाला मी गेले होते. दोन ओळी वाचल्या आणि तिसरीत कोणा म्हशीचा जन्म झाल्याचं जाहीर केलं. किसनरावांनी माझ्या हातातलं भिंग हळूच काढून घेतलं.

त्यांचं बोट पानावरून खाली गेलं, थांबलं. मग त्यांनी सरकारी आवाजात वाचलं: “मुलगा. बापाचे नाव झिंगराजी, जात माळी, राहणार भातकुली. खबर देणार नारायण, राहणार उमरी, मुलीचा बाप.” साल आमच्या सासऱ्यांच्या तीन वर्षं आधीचं.

“पुन्यांदा वाच,” बेबीताई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं. बेबीताईंनी पिशवीतून शेवंतीचं फूल काढून त्या ओळीवर ठेवलं. कक्षातल्या बाई म्हणाल्या, “आजी, ओल लागेल हो पानाला.” त्यांनी ते लगेच उचललं, पदराने जागा टिपली आणि फूल बाईंच्या टेबलावर ठेवलं.

इतक्यात किसनराव घसा खाकरून म्हणाले, “एक अडचण आहे. यात पुंडलिक हे नाव नाही. नुसतं मुलगा आहे. नियमाप्रमाणे—”

“बारशाच्या आंधी नाव कोठून येईन बे?” बेबीताई म्हणाल्या. “लेकरू झालं तं बुढा गेला कोतवालाले सांगाले. बारा दिवस थांबन का तो? तुही नोंद दाखव. हाय ना मोबाइलमंदी? समद्यांले दाखवत फिरते.”

किसनरावांनी मोबाइल काढला. त्यांच्या स्वतःच्या जन्माची नक्कल त्यांनी ग्रुपच्या पहिल्याच दिवशी टाकली होती, नमुना म्हणून. त्यांनी ती मोठी केली, लहान केली.

“काय लिहेल हाय?”

“मुलगा,” किसनराव म्हणाले.

“मंग तू कोन हायस म्हनून राहिला?”

कक्षातल्या बाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. किसनरावांनी मोबाइल खिशात ठेवला, अर्जावर नकलेची मागणी लिहिली आणि म्हणाले, “पहिला दिवा तुम्हीच लावा, बेबीताई.” मग माझ्याकडे बघून, “वहिनी, दुरुस्ती तुम्ही टाका.”

टाकली. तिथेच तहसिलीच्या पायऱ्यांवर बसून. या वेळी मौखिक साक्ष, अनुमान वगैरे काही घातलं नाही. ‘पुंडलिक हे झिंगराजी व रुख्मिणी यांचे थोरले चिरंजीव. जन्म आईच्या माहेरी, उमरी येथे. आधीचा अहवाल चुकीचा होता, चूक माझी.’ आणि खाली विनंती केली, की तक्त्यात नवा रकाना येत आहे, प्रत्येकाने आपली आई, आजी, पणजी यांचं माहेर कळवावं. त्या रविवारच्या अहवालाला अंगठ्यांचा पाऊस पडला होता. या विनंतीनंतर ग्रुप गप्प झाला. मग एकेकाचं सुरू झालं, कुठे तरी परतवाड्याकडे असेल, आईला विचारून सांगतो, आई आता नाही, मावशीला ठाऊक असेल. पुण्याच्या एका इंजिनिअरने लिहिलं, ‘आजी भातकुलीचीच होती.’ बेबीताईंनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाल्या, “तिचा नवरा भातकुलीचा. ते कासमपूरची व, मी ओळखतो तिले. लिही.” मी लिहिलं. मग म्हणाल्या, “आन तुही माय कोठची?”

माझी आई कारंज्याची. तिची आई कुठली, ते मला सांगता आलं नाही. माझ्या घरात रोजनिश्यांनी भरलेलं एक कपाट आहे, त्यात आंबे किती तारखेला पिकले ते आहे, बहिणीच्या लग्नात कोण जेवायचं राहिलं ते आहे. हे नाही. बेबीताई पिशवीतून वांगी काढून माझ्या पिशवीत भरू लागल्या. रात्री माझ्याकडेच राहायचं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी घरभर हिंडून पाहिलं. खुंटीवरची साडी दिसली.

“हे करवतकाठी कोनाची?”

“माझी. मेळाव्यासाठी काढली होती.”

“दिवा लावाले?”

त्यांनी पदर हातात घेतला, काठ उलटा करून पाहिला, खांद्यावर टाकला, आरशात बघितलं.

“मले शोभून राहिली,” म्हणाल्या. “सोया तारखेले मीच नेसन. तू दुसरी काई पाह्य.”

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. दर्यापूरला जाऊन आले, काम झाले. बेबीताई मुक्कामाला आहेत. करवतकाठीचा फॉल एका जागी सुटला होता, टाके घातले. वांग्याचे भरीत केले, भाकरी त्यांनी थापल्या. चुलीवरची चव नाही म्हणाल्या, तीन खाल्ल्या.